रंगवलेला गंज

धाकटीने भावोजींच्या सहा गाड्या नापास केल्या होत्या. भावोजींच्या म्हणजे त्या काही त्यांच्या झाल्या नव्हत्या, होता होता राहिल्या होत्या, आणि त्या राहण्याचं सगळं श्रेय धाकटीकडे जात होतं. पहिली गाडी पुरातून बाहेर काढलेली निघाली. दुसरीचं पुढचं धड एका गाडीचं होतं आणि मागचं दुसऱ्याच गाडीचं. तिसरीच्या मालकाने किलोमीटरचा आकडा इतका मागे नेला होता, की गाडी कारखान्यातून निघाल्यापासून एका जागी उभी असावी. पुढच्या तिघींची कारणं भावोजींनी लक्षात ठेवणंच सोडून दिलं. त्यांनी मेहुणीचं नाव नकारघंटा ठेवलं आणि मोकळे झाले. ते नाव घरात सगळ्यांनी उचललं, भाचरांसकट.

धाकटी विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या तपासायची. बावीस वर्षं हेच काम. 'झाड अंगावर आलं' म्हणणाऱ्या माणसाची गाडी झाडावर गेली होती की नाही, हे ती बंपरकडे एक नजर टाकून सांगायची. खोटं बोलणारी माणसं बघून बघून तिची नजर अशी तयार झाली होती, की लग्नाच्या फोटोतसुद्धा तिला आधी मागच्या भिंतीची ओल दिसायची.

भावोजी दातांचे डॉक्टर. वय अठ्ठावन्न. कॉलेजात असताना त्यांनी कुणाची तरी लाल, बुटकी, दोनच सीटची, छप्पर मागे दुमडणारी स्पोर्ट्‌स कार पाहिली होती, आणि तेव्हापासून गुडघ्याला बाशिंग बांधून बसले होते. मुलं मार्गी लागल्यावर बायकोने, म्हणजे थोरलीने, अखेर परवानगी दिली, पण दोन अटींवर. "एक म्हणजे, धाकटी हो म्हणाली तरच घ्यायची. आणि दुसरं, मी त्यात बसणार नाही. ती गाडी आहे की फरशी पुसायचं फडकं? इतक्या खाली बसायचं तर मी रस्त्यावरच बसेन."

आजची सातवी. निघताना भावोजी हसत म्हणाले होते, "ही शेवटची हं. आज घंटा वाजली तर मी नाद सोडला." हसत म्हणाले, हेच धाकटीला लागलं. शिवाय मागच्या आठवड्यात तिने थोरलीला स्वयंपाकघरात बोलताना ऐकलं होतं. "तिला चांगलं काही दिसतच नाही गं. कामाने नजरच तशी झालीये तिची." थोरली कुणाशी तरी फोनवर बोलत होती आणि दाराशी धाकटी रिकामा पेला घेऊन उभी होती. ती तशीच मागे फिरली. आठवडाभर ते वाक्य तिच्या पोटात होतं. आज एकदा, फक्त एकदा, तिला हो म्हणायचं होतं. पण नसलेलं चांगलं आहे म्हणून सांगणं तिला जमणारं नव्हतं, आणि खरी अडचण तीच होती.

गाडीचे मालक चढावरच्या एका गल्लीत राहात होते. पंच्याहत्तरीचे, किडकिडीत, सदऱ्याच्या बाहीवर चार रंगांचे डाग. त्यांनी दार उघडलं आणि दोघांकडे सरळ न बघता जरा कडेने, तिरकं बघितलं. धाकटीने मनातल्या वहीत पहिली नोंद केली. नजर चुकवतो.

"या," काका म्हणाले. "आधीच सांगतो, गाडीत काही राम राहिलेला नाही. आलात तसा चहा घ्या आणि जा."

"चहा नंतर," भावोजी म्हणाले. त्यांना गॅरेजच्या उघड्या दारातून लाल रंग दिसला होता.

गॅरेज लांबट होतं. मध्ये ती उभी होती. समोरच्या भिंतीला एक खिडकी होती आणि खिडकीबाहेर उन्हात न्हालेली बाग. भावोजी लाजल्यामुळे गाडीकडे एकदम बघेनात. ते आधी खिडकीकडे गेले, "बाहेर काय छान आहे हो" म्हणाले आणि वारा यावा म्हणून खिडकी उघडायला लागले. त्यांची बोटं भिंतीवर आपटली. खिडकी रंगवलेली होती, बागही.

काका पहिल्यांदाच हसले. "चाळीस वर्षं नाटकांचे पडदे रंगवले. वाडे, जंगलं, तुरुंग, काय म्हणाल ते. आता कुणी सांगत नाही, मग बसतो भिंती खराब करत."

भावोजींनी खिडकीला मनापासून दाद दिली आणि मग गाडीकडे वळले. पुढे जे झालं ते धाकटीने बावीस वर्षांत पाहिलं नव्हतं. विकणारा माणूस म्हणजे 'आपला तो बाब्या' म्हणणारा, हा तिचा अनुभव. हे काका स्वतःच्या बाब्याला कारटं म्हणत सुटले.

"गंज बघा केवढा लागलाय," ते म्हणाले. डाव्या दारावर हातभर गंज होता. "उजवीकडे चाकावर तर याहून वाईट."

"लागायचाच," भावोजी म्हणाले. "वय झालं की कीड लागतेच. म्हणून कुणी दात फेकून देतं का?"

"तेल गळतं." गाडीखाली खरंच थारोळं होतं.

"गळू दे. खाली ताटली ठेवू."

"तिसरा गिअर पडत नाही."

"दुसऱ्यावरून चौथा टाकू."

"छपरातून पाणी येतं."

"पावसात काढतंय कोण?"

काका हतबल झाले. त्यांनी इकडेतिकडे बघून आणखी एखादी खोट शोधली. "हॉर्नचा आवाज भिकार आहे," ते शेवटी म्हणाले.

"मी तोंडाने ओरडेन," भावोजी म्हणाले. ते आता गाडीच्या नाकावरून हात फिरवत होते, आणि गंजावरून तर जास्तच मायेने.

घ्यायला आलेल्या माणसाने विकणाऱ्याने सांगितलेली प्रत्येक खोट मान्य करून टाकली, तर तपासणाऱ्याने करायचं काय? धाकटीने भावोजींना बाजूला घेतलं. "तुम्ही गप्प बसा. पाणी कुठेतरी मुरतंय. लहान खोट बोंबलून सांगायची आणि मोठी पोटात ठेवायची, अशी माणसं मी पाहिलीयेत. आणि ते डोळ्याला डोळा देत नाहीत, बघितलंत का?"

"घंटा वाजली का?"

"अजून नाही. तुमचा तो आरसा द्या."

भावोजी खिशात दांडीवाला छोटा आरसा ठेवायचे, दाढा बघायचा. सहा गाड्यांच्या अनुभवातून त्यांना कळलं होतं, की मेहुणीला तो लागतो.

धाकटीने बाह्या वर केल्या. बॉनेटवर तळहात ठेवला. ते गार होतं. लबाड मालक गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन चालवून गरम करून ठेवतो, म्हणजे थंडपणी होणारी कुरकुर ऐकू येत नाही. इथे तसं काही नव्हतं. भावोजी बॉनेट उचलताना सवयीने "मोठा आ करा" म्हणाले. तेल मोजायची पट्टी काढली तर तेल स्वच्छ, वरच्या खुणेला टेकलेलं. सीटचे पट्टे तिने शेवटपर्यंत ओढून बघितले, कारण पुरातला गाळ पट्ट्याच्या टोकाला लपून राहतो. गाळ नव्हता. पायाखालचा गालिचा उचलून खाली हात घातला, पत्रा कोरडा. तिच्याजवळ रंगाची जाडी मोजायचं एक छोटं यंत्र होतं. ठोकलेला पत्रा पुट्टी भरून रंगवला असेल तर तिथे आकडा वाढतो. तिने ते गाडीभर फिरवलं आणि आकडा जवळपास तोच येत राहिला. दारांच्या फटी सारख्या. तिने स्वतः बसून गिअर टाकून पाहिले आणि तिसरा मुकाट्याने पडला.

तासभर झाला. काका स्टुलावर बसून ऐकत होते, धाकटी कुठे आहे ते तिच्या आवाजावरून ओळखल्यासारखे. भावोजी दाराशी उभे राहून नखं कुरतडत होते आणि ती सवय किती वाईट हे त्यांना व्यवसायामुळे पुरतं माहीत होतं.

धाकटीला घाम फुटायला लागला. खोट सापडली की तिला बरं वाटायचं, एक काम झालं असं वाटायचं. इथे काही सापडत नव्हतं. मग ती जमिनीवर उताणी झाली आणि आरसा, टॉर्च घेऊन गाडीखाली सरकली. इंजिनाचं पोट कोरडं होतं. वर धूळ होती, जुनी, न हललेली. तेल गळत असतं तर धूळ चिकट होऊन तिचा चिखल झाला असता. आणि तरी खाली थारोळं होतं. तिने त्यात बोट बुडवून वास घेतला.

इंजिनातल्या तेलाचा वास तिला झोपेतही ओळखता आला असता. हे खायचं तेल होतं. स्वयंपाकघरातलं, बरणीतलं.

ती गाडीखाली तशीच पडून राहिली. मग सरकत डाव्या दाराशी आली आणि गंजाकडे तिने पहिल्यांदा नीट पाहिलं. किती छान गंज होता. मध्ये काळपट, कडेला नारिंगी, मधूनच पत्रा पोखरल्यासारखी छिद्रं. पण गंज खालच्या कडेला लागतो, पाणी साठतं तिथे. तो आतून खात येतो आणि वरचा रंग फुगवतो. हा दाराच्या मधोमध होता, उजेडात, गॅरेजमध्ये पाऊल टाकणाऱ्याला पहिल्यांदा दिसेल असा. तिने यंत्र टेकवलं. आकडा थोडाच जास्त. नख लावलं तर तपकिरी रंग नखात आला आणि खालून लाल रंग डोकावला, शाबूत.

अंधाऱ्या बाजूला असलेल्या उजव्या चाकावरचा गंज मात्र टॉर्चच्या उजेडात वेगळा निघाला. त्याचा हात तोच होता, छिद्रं तीच, पण रंग जांभळा. ताज्या वांग्यासारखा. इतका कसलेला माणूस गंज जांभळा कशाला काढेल, हे तिला आधी कळेना. मग तिला ती तिरकी नजर आठवली, आणि तिच्या मनातल्या वहीतली पहिली नोंद तिला स्वतःलाच खोडावीशी वाटली. हा माणूस नजर चुकवत नव्हता. त्याला समोरचं दिसत नव्हतं.

ती चाकाशी उकिडवी बसून राहिली. नाही म्हटलं तर सगळ्यांचा विश्वास बसला असता, तिच्या नाहीला कुणी कधी पुरावा मागितला नव्हता. म्हाताऱ्याची गाडी म्हाताऱ्याकडे राहिली असती. भावोजी हसत घरी गेले असते आणि पुन्हा त्यांनी हा विषय काढला नसता. बावीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडाशी खराखुरा हो आला होता, आणि तो उच्चारला तर समोरच्या स्टुलावरचा माणूस उघडा पडणार होता. तिला रडू आल्यासारखं झालं आणि त्याचा रागही आला.

"काका," ती उठून म्हणाली, "गंज फार सुंदर काढलाय."

भावोजींनी नख तोंडातून बाहेर काढलं.

"कशावरून ओळखलंत?" काकांनी विचारलं. आवाजात चोरी पकडली गेल्याची लाज कमी होती, कारागिराची उत्सुकता जास्त.

"खरा गंज इतक्या चांगल्या जागी येत नाही. तो लपतो. तुमचा दारातूनच दिसतो."

"दिसायलाच हवा," काका म्हणाले. "शेवटच्या रांगेतल्याने काय घोडं मारलंय?" मग थांबून म्हणाले, "पाच जण येऊन गेले. पाची जण लांबूनच नाकं मुरडून गेले. हात लावून बघणाऱ्या तुम्ही पहिल्या."

"तेल खायचं आहे."

"ते घाईत झालं. तुमचा निघाल्याचा फोन आला आणि दुसरं काही हाताशी नव्हतं. उजवीकडचा गंजही सकाळीच काढला."

"तो जांभळा झालाय," धाकटी म्हणाली, आणि म्हटल्याबरोबर तिला जीभ चावावीशी वाटली.

"जांभळा?" काका म्हणाले. ते उठले, चाचपडत चाकापाशी गेले, मान तिरकी करून बराच वेळ बघत राहिले. "मला तर दोन्ही सारखेच दिसतात." मग खाली बसत म्हणाले, "डावीकडचा चार महिन्यांपूर्वीचा. तेव्हा रंग कळत होते."

ते सगळं सांगू लागले, आणि तेही असं, की जणू ते सांगायला आज कुणी आलं म्हणून बरं झालं. डोळ्याच्या मागच्या पडद्याचं दुखणं, मधोमध डाग आणि कडेचं तेवढं दिसतं. औषधाने थांबलं तर थांबेल, गेलेली नजर परत येणार नाही. "एका संध्याकाळी सिग्नल लाल झालेला मला उशिरा कळला. कुणाला लागलं नाही. पण घरी आलो आणि चावी मुलीच्या हातात ठेवली. तिने मागितली नव्हती, मीच दिली. विकायचं आम्ही दोघांनी मिळून ठरवलं, जाहिरात तिने दिली. विकायला हवी हे मला पटलंय हो. पण ती या दारातून बाहेर जाताना बघणं... रविवारी दहा मिनिटं इंजिन चालू करून नुसता बसतो आत. तेवढंच."

भावोजी पुढे आले, गाडीच्या नाकावर एकदा थोपटलं आणि म्हणाले, "राहू दे काका. रविवारचं चालू ठेवा. आम्ही निघतो."

धाकटी त्यांच्याकडे बघत राहिली. चाळीस वर्षं वाट पाहिलेली गाडी समोर, तिच्यात एक खोट नाही, आणि हा माणूस चहा न घेता निघाला होता. या माणसाला आपण सहा वेळा नाही म्हटलं, आणि सातव्यांदा नाही म्हणायची वेळ त्याने आपल्यावर येऊ दिली नाही, एवढंच तिला सुचलं.

"थांबा," काका म्हणाले. "तुम्ही गंजासकट घ्यायला निघाला होतात."

"हो."

"तेल, गिअर, छप्पर, हॉर्न, सगळ्यासकट."

"हॉर्नचा मी जरा विचार केला असता."

"मग तुम्हीच घ्या," काका म्हणाले. "विकायची तर आहेच. पुढचा येईल तो एखादा गंज बघून भाव पाडणारा असेल. फक्त किंमत जाहिरातीतलीच, कारण गाडी आता चांगली निघाली."

भावोजी धाकटीकडे वळले. "वा. लोक मेहुणीला भाव पाडायला नेतात."

"आणि गंज मी स्वतः उतरवणार," काका म्हणाले.

त्यांनी बादली आणली, स्पंज बुडवला आणि उजव्या चाकापासून सुरुवात केली. जांभळं पाणी ओघळलं. डाव्या दारापाशी आल्यावर त्यांचा हात अडखळायला लागला, कारण जिथे बघायचं तिथेच त्यांना डाग दिसत होता. धाकटी शेजारी बसली. "जरा वर, काका. आता डावीकडे. तिथे एक ओघळ राहिलाय." बारीकसारीक डाग शोधण्यात तिचा हात कुणी धरला नसता. ती सांगत गेली आणि तिच्या सांगण्याप्रमाणे हात फिरत गेला. गंज जात होता, लाल रंग वर येत होता. शेवटी बिजागरीशी अंगठ्याएवढा गंज उरला, मध्ये काळपट, कडेला नारिंगी, रंग कळत होते तेव्हाचा.

"झालं?" काकांनी विचारलं.

धाकटीने त्या ठिपक्याकडे पाहिलं. "झालं," ती म्हणाली.

मग एक फेरी मारायचं ठरलं. भावोजी आत बसले, म्हणजे आधी एक पाय, मग डोकं, मग बराच वेळ काही नाही आणि मग उरलेले ते. शेजारच्या सीटकडे बोट करून त्यांनी काकांना म्हटलं, "आमच्या घरातून या जागेला उमेदवार नाही. आमच्या हिने आधीच नाव मागे घेतलंय. दर रविवारी ही रिकामीच असणार."

"मी गप्प बसणार नाही," काका म्हणाले. "गिअर चुकला की बोलणार."

"बोला की. माझ्या खुर्चीत बसतात त्यांना बोलताच येत नाही. मलाही कंटाळा आलाय."

काका बसले. त्यांना मात्र एका झटक्यात बसता आलं. इंजिन पहिल्या प्रयत्नात बोललं, गाडी उतारावर लागली आणि वळणावरून काकांचा आवाज आला, "तिसरा. आता तिसरा."

दोनच सीट, तेव्हा धाकटी मागे राहिली. तिने फडकं घेऊन खायचं तेल पुसून काढलं. फोन वाजला. थोरली होती.

"काय निघालं?" थोरलीने विचारलं. कारण निघणार हे ठरलेलंच होतं.

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे गाडी चांगली आहे. मी हो म्हणतेय."

"तुझी तब्येत बरी आहे ना?" थोरलीने विचारलं. "नीट बघितलंस? एकही डाग नाही?"

"एक आहे," धाकटी म्हणाली. "तो मी ठेवलाय."